कोंबड्या झाकल्या का?

सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफी मशीनपाशी एक ठरलेला प्रश्न असतो. "मग, वीकेंडला काय केलंस?" कुणी लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये बसून आलेलं असतं, कुणी एखाद्या सिरीजचे आठ भाग एका दमात संपवलेले असतात. मी सांगतो, "कोंबड्या पाळल्या आणि मासे धरले." पहिल्या वर्षी लोक हसायचे. आता टीममधले निम्मे लोक गावठी अंड्यांची ऑर्डर देतात.

गेली काही वर्षं हे उत्तर मी मोठ्या ऐटीत देत होतो. त्यातलं "पाळल्या" हे क्रियापद किती खोटं होतं, ते मला २०२४च्या नोव्हेंबरात कळलं. आज तीच गोष्ट सांगतो.

आमचं गाव भोरच्या पुढे, नीरेच्या काठी. शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून निघायचं, कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, कापूरहोळला हायवे सोडून उजवीकडे वळायचं, की दोनेक तासांत घर. घराला मागे परसू आहे. त्यात एक पेरू, एक शेवगा, गोठा, आणि आता माझं, म्हणजे मी माझं म्हणतो ते, खुराडं.

आईकडे दोन-चार कोंबड्या कायमच असायच्या. कळप वाढला तो २०२०मध्ये. आठवत असेल, त्या वर्षी लॉकडाऊनच्या आधीच चिकन खाल्ल्याने करोना होतो अशी अफवा उठली आणि बाजारच कोसळला. पोल्ट्रीवाले पिल्लं मिळेल त्या भावाला देऊन मोकळे होत होते. अण्णांनी तेव्हा खोकं भरून पिल्लं आणली, जवळजवळ फुकट. मी नुकताच नोकरीला लागलेला, वर्क फ्रॉम होम म्हणून घरी आलेला, आणि प्रचंड कंटाळलेला. पिल्लं बघितली आणि अंगात संचारलं. यूट्यूबवर जगातल्या सगळ्या कोंबड्या बघून झाल्या. जाळी, पत्रा, लोखंडी अँगल आणून खुराडं बांधलं. साडेआठ हजार रुपये गेले. आई म्हणाली, "यात माणूस राहील."

मग मी एक्सेल शीट केली. (इंजिनिअर झालो की ही सवय आपोआप लागते, त्याला इलाज नाही.) कोंबडीमागे खाद्य किती, अंडी किती, एक अंडं कितीला पडलं. पहिल्या वर्षी खुराड्याचा खर्च धरून एक अंडं सत्तावीस रुपयांना पडलं. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या घरात जाते, पण तिला खुडूक होणं माहीतच नसतं, तो गुण माणसाने तिच्यातून काढून टाकलाय. आमच्या गावठीचं तसं नाही. बारा-पंधरा अंडी घातली की तिला वाटतं, पुरे झालं, आता बसू या. मग ती हटत नाही. अंगावर गेलो तर फुगते, टोचते. त्या दिवसांत अंडं शून्य. माझ्या शीटमध्ये त्या रकान्याचं नाव "डाउनटाइम" होतं.

यावर उपाय म्हणून मी ऑनलाइन इन्क्युबेटर मागवला. छप्पन्न अंड्यांचा, तापमान साडेसदतीस अंशांवर धरणारा, अंडी आपोआप फिरवणारा. सोळाव्या दिवशी पावसात डांबावरची तार तुटली आणि गावात एकोणीस तास वीज नव्हती. छप्पन्न अंडी उकिरड्यावर गेली. आईने काही म्हटलं नाही. पुढच्या खेपेला तिने एक टोपलं घेतलं, तळाला चुलीतली राख पसरली म्हणजे पिसवा होत नाहीत, वर पेंढा घातला, त्यात एक कोळसा ठेवला (तो कशाला ते तिलाही माहीत नाही, आजी ठेवायची म्हणून) आणि अकरा अंड्यांवर खुडूक कोंबडी बसवली. एकवीस दिवसांनी दहा पिल्लं. वीजबिल शून्य.

शीटने आणखी एक गोष्ट सांगितली होती. तांबडी काढा.

तांबडी ही २०२०च्या खोक्यातली शेवटची उरलेली. ऱ्होड आयलंड रेडच्या रक्ताची, जाड, तोऱ्यात चालणारी. चौथ्या वर्षी तिची अंडी महिन्याला दोन-तीनवर आली. खाद्य मात्र पूर्ण. मी आईला हिशेब दाखवला. आई भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, "राहू दे तिला. ती बाकीच्यांना घरी आणते." मला वाटलं, जीव जडलाय, म्हणून काहीतरी सांगतेय. तिच्या ओळीला पिवळा रंग देऊन मी शीट बंद केली.

आता मासे. हे खातं अण्णांचं.

कोंबड्या हा बायकांचा उद्योग, असं अण्णांचं मत. मत बरोबर नाही, पण आमच्या गावात ते सगळ्याच पुरुषांचं आहे. अण्णा नदीवर जातात. आमच्या शेताच्या खाली नीरेला एक डोह आहे. काठावर करंज आणि उंबर, खाली काळं पाणी. मी फायबरची काठी आणि रीळ घेतलं तेव्हा त्यांनी ते हातात धरून तोललं, "छान आहे" म्हणाले, आणि स्वतःची कळकाची काठी घेऊन पुढे झाले. तिला तंगूस, एक गळ, आणि बुचाऐवजी थर्मोकोलचा तुकडा. त्या काठीने आजवर माझ्या दुप्पट मासे काढले असतील.

शिकवणं वगैरे त्यांना जमत नाही. जे शिकलो ते त्यांच्या चिडण्यातून शिकलो. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. पाय आपटायचे नाहीत, मासा कानाने नाही तर अंगाने ऐकतो. चिलापीला गांडूळ चालतं, रोहूला कणकेची गोळी, आणि मरळ हवी असेल तर काहीतरी जिवंत पाहिजे, बेडकी नाहीतर छोटा मासा. मरळ बाकी माशांसारखी नाही. तिला वरची हवा लागते. थोड्या थोड्या वेळाने ती वर येऊन एक घोट घेते आणि खाली जाते. पाण्यावर "टप्" असा एकच बुडबुडा. अण्णा गप्पा मारता मारता थांबतात आणि बोट दाखवतात, तोवर पाणी सपाट झालेलं असतं. मला आजही दहातले दोन दिसतात.

पाऊस सुरू झाला की मात्र अण्णा काठी आढ्याला टांगतात. पोटात अंडी असलेला मासा धरायचा नाही, हा त्यांचा नियम. गावातली पोरं पहिल्या पुरात चढणीचे मासे धरायला ओढ्यात उतरतात, घागरीच्या घागरी भरतात, त्यांच्याशी दर वर्षी यांचं भांडण ठरलेलं. एकदा जाळं टाकणाऱ्या एका भोयाच्या होडीपाशी त्यांनी मला थांबवलं. जाळ्यात एक चिलापी होती. त्यांनी तिचा जबडा अंगठ्याने उघडला, तर आतून मोहरीपेक्षा थोडे मोठे पिवळे दाणे सांडले. अंडी! ही मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्लं फुटून पोहायला लागेपर्यंत जवळजवळ काही खात नाही. म्हणून ती गळाला सहसा लागत नाही, जाळ्यात सापडते. हा मासा मूळचा इकडचा नाही, आफ्रिकेतला. भारतात १९५२ साली आणला, आणि आज नीरा, भीमा, कुठेही गळ टाका, तोच आधी येतो. एवढी काळजी घेणाऱ्या आया असल्यावर दुसरं काय होणार, असं अण्णा म्हणाले. मला तेव्हा आमची खुडूक कोंबडी आठवली होती, पण ती उपमा मी ब्लॉगसाठी राखून ठेवली. असो.

तर २०२४ची दिवाळी झाली. ताईचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं, हे दुसरं नाशिकला, तिच्या घरी करायचं ठरलं. ताईला सासू नाही, त्यामुळे आईला जाणं भाग होतं. तीन आठवडे. मी मॅनेजरकडून तीन आठवडे घरून काम मागून घेतलं. त्याला कारण सांगितलं, "कौटुंबिक." कोंबड्या सांगितलं असतं तर मिळालं नसतं.

जायच्या आदल्या दिवशी, ९ नोव्हेंबरला, शनिवारी आईने कवडीला अकरा अंड्यांवर बसवलं. कवडी म्हणजे पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची, आमच्यातली सगळ्यात भित्री. मग आईने मला केटी दिली. कंपनीत प्रोजेक्ट सोडताना दोन आठवडे केटी चालते, आईची चुलीपाशी चार मिनिटांत उरकली.

"उजाडलं की उघड, पण आधी अंगणात कुत्रं नाही ना बघ. पाणी रोज बदल. काळीच्या पायाला खवले आलेत, तेल लाव. तलंगा गोठ्यात अंडी घालतात, गव्हाणीत हात घालून बघ. कवडीला दिवसातून एकदा उठव, खाऊ दे, हागू दे, पाव तासात तिची ती बसते. बसली की वरून डालं घाल, त्यावर दगड ठेव. आणि दिवेलागणीला सगळ्या झाकून घे. बाकी काही राहिलं तर राहू दे, पण दिवेलागणीला झाकून घे."

मी म्हणालो, "एवढंच ना?"

पहिल्या चार दिवसांतच समजलं की मी चार वर्षं काय पाळत होतो. मी शनिवारी सकाळी दाणे टाकायचो, रविवारी अंडी मोजायचो आणि फोटो काढायचो. बाकीचे पाच दिवस, आणि खरं तर शनिवार-रविवारचीही पहाट, कुणीतरी दुसरंच काम करत होतं. कोंबड्या पावणेसहाला हाका मारायला लागतात, आदल्या रात्री अमेरिकेबरोबर कॉल साडेबाराला संपला याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. विष्ठा रोज खरवडली नाही तर तिसऱ्या दिवशी डोळे चुरचुरतात. पाण्यात त्या स्वतःच पाय घालतात आणि मग ते पीत नाहीत. तलंग म्हणजे पहिल्यांदा अंड्यावर आलेली कोंबडी, तिला जागा ठरवता येत नाही. एक अंडं मला माझ्या बुटात सापडलं.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मला आईच्या खुणा दिसल्या. आधी वाटलं दुधाचा हिशेब असेल. नीट बघितलं तर प्रत्येक महिन्यात गोल होते. कोणती कधी बसवली, पिल्लं कधी निघणार, आणि पुढे "लस". मानमोडी, म्हणजे डॉक्टर राणीखेत म्हणतात ती, आली तर दोन-तीन दिवसांत खुराडं रिकामं होतं. त्यामुळे पिल्लं आठवड्याची झाली की डोळ्यात एकेक थेंब घालायचा. पण बाटली शंभर पिल्लांची येते आणि फोडली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. म्हणून आई आळीतल्या सगळ्या बायकांची पिल्लं एकाच दिवशी गोळा करते, भोरहून थर्मासात बर्फ घालून लस आणते. गेली कित्येक वर्षं. मला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या शीटमध्ये लसीचा रकाना होता, त्यात फक्त रुपये होते. ३० नोव्हेंबरला गोल केलेला होता.

आई रोज रात्री साडेनऊला फोन करायची. पहिला प्रश्न, "कोंबड्या झाकल्या का?" दुसरा, "सगळ्या आल्या?" मग आमचं जेवण. १८ तारखेला ताईला मुलगी झाली. त्या दिवशीसुद्धा आईचा फोन आला, "मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, कोंबड्या झाकल्या का?"

२३ नोव्हेंबरला शनिवार होता आणि विधानसभेचा निकाल. सकाळपासून अण्णा टीव्हीपुढे. दुपारनंतर चित्र स्पष्ट झालं तसे गावात फटाके सुरू झाले, मग गुलाल, मग डीजे. साडेचारला अण्णा उठले, म्हणाले, "निकाल उद्या पेपरात वाचू. चल डोहावर." मी तयारच होतो. आठवडाभर गळाला हात लावला नव्हता. कवडीला उठवलं, ती दाणे टिपायला लागली. ती बसेपर्यंत थांबायला हवं होतं. पण रोज तर तिची ती बसते. आणि सहाच्या आत परत यायचंच होतं, आलो की डालं घालू.

त्या संध्याकाळी पाणी काय होतं म्हणून सांगू! वारा नाही, उंबराखाली काळी काच. डीजेचा ठोका लांबून येत होता, तेवढाच. पाच वाजता मला दोन चिलापी लागल्या. पावणेसहाला मी परतायचं बोललो, अण्णांनी हात वर केला. टप्. त्यांनी बेडकी लावून गळ बरोबर त्या झाडोऱ्याच्या कडेला सोडला. आम्ही दोघे उकिडवे. अंधार पडत होता, थर्मोकोलचा तुकडा दिसेनासा झाला होता. मला घड्याळ माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो की विसरलो. विसरलो नव्हतो. सव्वासहाला माझ्या मनात आलं होतं की खुराड्याचं दार उघडं आहे. आणि मी गप्प बसलो, कारण सात-आठ वर्षांत अण्णा पहिल्यांदा काठी माझ्या हातात देत होते.

साडेसहाला तिने ओढलं. मरळ झुंज देते तेव्हा लांब पळत नाही, खाली मुळांत शिरते. अण्णा कानाशी बोलत होते, "सोड... सोड... आता धर." वीस मिनिटं गेली असतील. मोबाइलच्या उजेडात काठावर आली, माझ्या मनगटाएवढी जाड, सापासारखं डोकं. दीड किलो तरी असेल. आम्ही दोघे हसत होतो. अण्णा हसताना मी फार कमी वेळा बघितलेत.

बादलीत तिला घेऊन घरी आलो तेव्हा साडेसात वाजले होते. वाटेत मिरवणूक आडवी आली, कपाळाला गुलाल लागला. परसात गेलो. आधी पायाखाली पिसं लागली.

दाराशी एक तलंग पडलेली, मान नसलेली. दुसरी आत. तांबडी गोठ्याच्या कोपऱ्यात होती, म्हणजे ती आत नव्हतीच, बाहेर येऊन भिडली असावी. बाकीच्या पेरूवर, शेवग्यावर, एक पत्र्यावर. कोंबडा कुठेतरी भाताच्या गंजीत शिरला होता. किती ओरडल्या असतील. पण त्या डीजेत आणि फटाक्यांत कुणाला ऐकू येणार? अण्णा बॅटरी धरून उभे राहिले. एकदाच म्हणाले, "तू झाकल्या नव्हत्यास?" आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं की आम्ही दोघे एकाच ठिकाणी होतो. पुढे काही बोलले नाहीत.

मेलेल्या तिन्ही उचलेपर्यंत, झाडावरच्या उतरवेपर्यंत नऊ वाजले. अंधारात कोंबडीला दिसत नाही, त्यामुळे ती निमूट हातात येते, हे त्यातलं एक बरं. मोजत होतो, दहा झाल्या. मग पोटात गोळा आला. कवडी! पडवीत गेलो तर टोपलं रिकामं, अंडी उघडी. हात लावला. गार. नोव्हेंबरातली रात्र, आणि ती केव्हा उठली होती कुणास ठाऊक.

ती सापडली पेरूच्या अगदी शेंड्याला. शिडी लावून खाली आणली, टोपल्यात ठेवली. ती उठली. पुन्हा ठेवली. पुन्हा उठली. शेवटी डालं घातलं, वर पोतं टाकलं आणि दिवा मालवून शेजारी बसून राहिलो. दहा-पंधरा मिनिटांनी आतून पेंढ्याचा आवाज आला. ती चोचीने अंडी पोटाखाली ओढून घेत होती.

या सगळ्याच्या मधेच, साडेनऊला, फोन वाजला होता.

"कोंबड्या झाकल्या का?"

"हो."

"सगळ्या आल्या?"

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. ती तिकडे ओल्या बाळंतिणीपाशी, कशाला तिच्या जिवाला घोर, असा त्याचा अर्थ मी लावला. माझ्या सोयीचा होता.

"हो, सगळ्या."

"काळीच्या पायाला तेल?"

"लावलं."

फोन ठेवला आणि न्हाणीतून धप्प आवाज आला. बादलीतली मरळ. हवा पिऊन जगणारा मासा तो, ती रात्रभर जिवंत होती. रात्रभर अधूनमधून बादलीवर शेपटी आपटत होती. सकाळी ती कापायची अण्णांचीही इच्छा दिसेना, माझी तर नव्हतीच. शेजारच्या काकूंना दिली. काकू बादली न्यायला परसातून आल्या, पिसं बघितली, जमीन बघितली, म्हणाल्या, "रानमांजर. मुंगूस असतं तर अंडी फोडली असती." तिघींना आम्ही शेवग्याखाली पुरलं. घरात कोंबडी खाणारी माणसं आम्ही, श्रावण सोडला तर महिन्यातून दोनदा कोंबडा अण्णाच कापतात. पण त्या तिघींचं कालवण करावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

पुढचा आठवडा वाईट गेला. संध्याकाळी कोंबड्या घरी येईनात. खुराड्याची धास्ती असेल हे मी धरलं होतं, पण ते तेवढंच नव्हतं. सहाच्या सुमाराला त्या अंगणात नुसत्या घुटमळायच्या, इकडे दोन, तिकडे तीन, आत शिरायला कुणी पुढे होत नव्हतं. आधी तांबडी शिरायची आणि तिच्यामागून सगळ्या. मी रोज अर्धा तास काठी घेऊन धावत होतो, एकीकडे कानात क्लायंटचा कॉल म्यूटवर. लॅपटॉपवर ती शीट अजून होती. पिवळी ओळ मी पुसली, मग वाटलं, पुसायलाही नको होती.

रात्री अंडी मोबाइलच्या उजेडापुढे धरून बघायचो. दोन वांझोटी आधीच काढली होती, उरली नऊ. चौदाव्या दिवसापुढे आत नुसता काळोख दिसतो, फक्त रुंद टोकाला हवेची जागा उजळ. काळोख जिवंत आहे की मेलेला, ते कळत नाही. आईचा फोन रोज येत होता. "झाकल्या का?" "हो." ते खरं होतं. दुसरा प्रश्न तिने त्या रात्रीनंतर पुन्हा विचारला नाही. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं.

३० तारखेला पहाटे डाल्याखालून चिवचिव ऐकू आली. दुपारपर्यंत पाच. बाकी चार अंडी मी रविवार सकाळपर्यंत ठेवली, कवडी स्वतःच त्यांच्यावरून उठली तेव्हा काढली.

रविवारी आईला आणायला वाकडेवाडीला गेलो. नाशिकची गाडी तासभर उशिरा. गाडीत तिने भाचीचे फोटो दाखवले, नाक कुणावर गेलंय यावर बोलली. मी मनात वाक्यं जुळवत होतो, ऑफिसात प्रॉडक्शनला काही फुटलं की मेल लिहितो तशी, म्हणजे कर्तरी प्रयोग टाळून. "दार उघडं राहिलं." "उशीर झाला." कात्रजचा बोगदा गेला. टोलनाक्याच्या रांगेत थांबलो तेव्हा सांगितलं. "आई, तांबडी गेली. आणि दोन तलंगा. मी दार लावलं नाही. माझ्या लक्षात होतं, तरी नाही लावलं. आणि तुला खोटं सांगितलं."

आई समोर बघत होती. म्हणाली, "काकूंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. कोंबडं झाकलं म्हणून..." आणि पुढची म्हण सोडून दिली.

रांग सरकली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मरळ केवढी होती?"

"दीड किलो असेल."

"तू काढलीस?"

"हो. अण्णांच्या काठीने."

"आणि खाल्ली नाहीत?"

"नाही."

"काकू म्हणाल्या, कालवण फार चांगलं झालं होतं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला तरी सांगायचंस रे. मी काय तिथून मारायला येणार होते?"

घरी आल्यावर तिने पिशवीसुद्धा आत ठेवली नाही, सरळ परसात गेली. काळीचा पाय उचलून बघितला, "तेल लावलंय खरं" म्हणाली. पिल्लं पदरात घेऊन मोजली. शेवग्याखालची माती नवी दिसत होती, तिथे थोडा वेळ उभी राहिली. मग कालनिर्णय काढून पुढच्या शनिवारी गोल केला. "लस. तू आहेस ना?"

"आहे."

"मग भोरला तूच जा. बर्फ विसरू नकोस."

त्या शनिवारी सकाळी लस झाली, आळीतली चौसष्ट पिल्लं, माझ्या शर्टावर सगळ्यांच्या खुणा. संध्याकाळी अण्णांबरोबर डोहावर गेलो. पुन्हा वारा नव्हता. साडेपाच झाले, झाडोऱ्यापाशी टप् झालं. या खेपेला मलाही दिसलं. मी अण्णांकडे बघितलं. त्यांनीही बघितलं होतं. ते उठले, तंगूस काठीला गुंडाळायला लागले, गळ थर्मोकोलमध्ये टोचला.

"चल," म्हणाले, "झाकायच्यात."